तडकलेलं डाळिंब, ब्राँझमध्ये

अथेन्समध्ये डिसेंबर लागला की दुकानांच्या काचांमागे डाळिंबं दिसायला लागतात. ब्राँझची, पितळेची, काचेची, चिनीमातीची. लाल दोरीत अडकवलेली, खाली येणाऱ्या वर्षाचा आकडा. ग्रीक लोक याला 'गुरी' म्हणतात. घरात शुभ यावं म्हणून नव्या वर्षाला एकमेकांना द्यायची ही वस्तू. वर्ष बदलताना खरं डाळिंबही उंबऱ्यावर आपटून फोडतात आणि दाणे जितके विखुरतील तितकी बरकत, असं मानतात. दुकानांत डाळिंबाच्या शेजारी अथीना देवीचं घुबड असतं, ऑलिव्हची फांदी असते, काटकोनात वळत जाणारी नागमोडी पट्टी कोरलेल्या वाट्या असतात. पण माझी नजर डाळिंबावरून हलत नसे, कारण मी सांगोल्याची. माहेरी डाळिंबाची बाग आहे आणि लहानपणापासून हजारो फळं हाताखालून गेलेली आहेत.

म्हणूनच ती दुकानातली डाळिंबं मला खटकायची. डाळिंब पूर्ण गोल नसतं. फळ तळहातावर फिरवून बघा, अंगावर पाच-सहा अस्पष्ट धारा लागतात. वरचा मुकुट म्हणजे नुसता दातेरी कडा नव्हे. त्याच्या पाकळ्या जाड असतात, मुळाशी मांसल आणि टोकाला वाळलेल्या, आणि आत फुलातले सुकलेले केसर तसेच राहिलेले असतात. दाणे तर मण्यांसारखे कधीच नसतात. जागेसाठी एकमेकांना रेटत वाढल्यामुळे प्रत्येकाला वेगळे कोन पडलेले असतात. यातलं काही त्या वस्तूंत नव्हतं. अथेन्सच्या जुन्या कबरींत पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची डाळिंबं सापडली आहेत. त्या कुंभारांनी फळ हातात घेतलेलं होतं हे कळतं. आपणच एक करून बघावं, असं मग मनानं घेतलं.

अथेन्सच्या प्सिरी भागात अजून धातूकामाच्या छोट्या कार्यशाळा टिकून आहेत. तिथल्या एका कारागिराकडे ओळखीतून गेले. त्यांना सगळे 'मास्तोरा', म्हणजे उस्ताद, म्हणून हाक मारतात, तशी मीही मारायला लागले. त्यांनी आधी मला फरक समजावून दिला. दुकानातल्या बहुतेक वस्तू वाळूच्या साच्यातल्या असतात. दोन पेट्यांत वाळू ठासायची, मधे नमुना दाबून उमटवायचा, काढून घ्यायचा, त्या पोकळीत धातू ओतायचा. काम झटपट होतं आणि एका नमुन्यावर पाहिजे तितके नग निघतात. पण नमुना वाळूतून अलगद सुटायला हवा, म्हणून त्याला आत वळलेले कोपरे चालत नाहीत. डाळिंबं गुळगुळीत का, याचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं. मला करायचं होतं तडकलेलं फळ, ज्यात सालीच्या आत दाणे, दाण्यांमागे पापुद्रा आणि पापुद्र्यामागे पुन्हा दाणे. ते मेणानेच होणार. मेणाची वस्तू करायची, तिच्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढून टाकायचं आणि त्या जागी धातू ओतायचा.

तडकलेलंच का, तेही सांगते. ग्रीक पुराणातल्या पर्सेफोनी देवीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ला, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तिथेच काढावा लागतो, आणि ती वर आली की धरती फुलते. ही कथा जिथली, ते एलेफ्सिना अथेन्सपासून विसेक किलोमीटरवर आहे. आर्गोसच्या मंदिरात शिल्पकार पॉलिक्लिटसने घडवलेल्या हेरा देवीच्या एका हातात डाळिंब होतं. ती मूर्ती पाहून लिहिणारा प्राचीन प्रवासी पौसानियस म्हणतो की या डाळिंबाची कथा गुप्त ठेवण्यासारखी आहे, म्हणून ती मी सांगत नाही. लग्न, सुबत्ता, मरण आणि परत येणं एवढं सगळं एका फळात मावतं. आजही इथे श्राद्धाच्या वेळी शिजवलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे घालतात. या सगळ्याचा जीव दाण्यात आहे आणि साल फाटल्याशिवाय दाणा दिसत नाही.

दादाला फोन केला.

"दादा, तडकलेल्या फळांचे फोटो पाठव ना. जवळून घेतलेले."

"तडकलेल्या? अगं, यंदा भगवा वाण इतका छान आलाय आणि तुला नेमकी तीच फळं कशाला?"

"इथे त्यालाच मान आहे."

"मग इथून कंटेनर भरून पाठवतो," दादा म्हणाला आणि संध्याकाळी बांधावर बसून त्याने खरंच चाळीसेक फोटो पाठवले. सोबत आवाजात निरोप: रान कोरडं पडलं आणि मग एकदम पाणी लागलं की आतले दाणे फुगतात, साल तेवढी ताणत नाही, मग फाटते. हे मला माहीत होतं, पण फोटो पाहताना पहिल्यांदाच नीट लक्षात आलं की साल आतून रेटली गेल्यामुळे तड्याच्या कडा बाहेरच्या बाजूला किंचित वळतात. सुरीने कापलेल्या फळात असं होत नाही. हे एक वळण साधलं तर फळ आपणहून उघडल्यासारखं वाटणार होतं.

आधी मातीत फळ केलं. त्यावरून प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा घेतला. साचा पाण्यात भिजवून त्यात वितळलेलं मेण ओतायचं, फिरवायचं आणि जास्तीचं परत ओतून काढायचं, की आत साधारण चार मिलिमीटरची पोकळ साल उरते. मेणात मधमाश्यांचं मेण, पॅराफिन आणि थोडी राळ असते. राळेमुळे मेण ताठ राहतं आणि बोटाच्या उबेने लगेच दबत नाही. या पोकळ फळाला मी तडा दिला, कडा कोमट करून बाहेर वळवल्या, आत पापुद्रे बसवले आणि एकेक दाणा लावत गेले. त्यासाठी दाताचे डॉक्टर वापरतात तसली बारीक हत्यारं असतात. स्पिरिटच्या दिव्यावर टोक गरम करायचं, मेणाचा थेंब उचलायचा, जागेवर सोडायचा, निवाला की पात्याने त्याला कोन पाडायचे. शेजारच्या दाण्याचा कोन बघून पुढच्याचा ठरतो. हे काम मला इतकं आवडलं की संध्याकाळी उठवत नसे.

पापुद्रे मी खऱ्यासारखे कागदी पातळ केले होते. मास्तोरांनी ते उजेडासमोर धरून पाहिले आणि म्हणाले, "सुंदर आहेत, पण धातू इथवर पोचायच्या आत गोठेल. दोन मिलिमीटर तरी कर." खालून जाड आणि काठाला निमुळते केले, तेव्हा दिसायला पातळच राहिले.

मग मेणाचं वजन. धातूत ओतायची वस्तू, तिला जोडलेल्या नळ्या, सगळं मिळून तराजूवर ठेवायचं आणि दहाने गुणायचं, तेवढं ब्राँझ लागणार. मला कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर आठवला. बाराव्या शतकातल्या त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात हेच सांगितलं आहे की मेण जोखावं आणि त्याच्या इतक्या पट धातू घ्यावा. आमचा सोलापूरचा मुलूख त्याच्याच राज्यातला. मास्तोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुसून नाव नीट विचारून घेतलं आणि मेणाच्या डब्यावर ग्रीक अक्षरांत लिहून ठेवलं.

पोकळ फळाच्या आत प्लास्टर आणि विटेच्या चुऱ्याचा गाभा भरला. मेण निघून गेल्यावर हा गाभा अधांतरी राहणार, म्हणून मेणाच्या भिंतीतून आरपार खिळे घालतात. त्यांची एक टोकं गाभ्यात आणि दुसरी बाहेरच्या साच्यात रुततात. प्राचीन ग्रीक कारागीरही असेच खिळे घालत आणि नंतर त्या भोकांवर व ओतकामात राहिलेल्या खड्ड्यांवर छोटे चौकोनी तुकडे ठोकून बसवत. इथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आर्तेमिसिओनच्या समुद्रातून काढलेला दोन मीटरहून उंच देव आहे. तो झेउस की समुद्राचा देव पोसायडन यावर अजून वाद आहे. पूर्वी मी त्याच्या पसरलेल्या हातांकडे बघायचे. हे काम शिकल्यावर माझे डोळे त्याच्या कातडीवर असले तुकडे शोधायला लागले. ग्रीक घडणीचं ब्राँझ मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत मिळालेला तो वीतभर पोसायडन. रोमन काळातल्या व्यापाराबरोबर तो इतक्या लांब आला. तेव्हा मी काचेसमोरून पटकन पुढे गेले असेन.

मेणाच्या फळाला खालून आणि बाजूंनी मेणाच्याच नळ्या जोडल्या. काही वितळलेला धातू आत जायला, काही हवा बाहेर पडायला. सगळ्याभोवती प्लास्टर आणि विटेच्या चुऱ्याचा जाड साचा घातला. तो भट्टीत उलटा ठेवून हळूहळू ६०० अंशांच्या वर नेतात. आधी मेण वितळून वाहतं, मग साच्यातला ओलावा जातो, मग आत मुरलेलं मेण जळतं. यात घाई चालत नाही. थोडासा ओलावा राहिला आणि त्यावर वितळलेला धातू पडला, तर वाफ धातूला उधळून देते. दोन-तीन दिवस भट्टी चालू असते आणि कुणीतरी झोपायला तिथेच असतं.

ओतकाम पिरेयस बंदराच्या वाटेवरच्या कारखानी भागात, एका मोठ्या भट्टीवर झालं. नव्वद भाग तांबं, दहा भाग कथील. आपल्या काशाच्या वाटीत कथील याच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून ती गोड वाजते आणि पडली की फुटते. मूर्तीकामाला इतकं कथील नको. ११०० अंशांच्या पुढे मुशीतला रस नारिंगी झाला, वरची मळी काढली, वाळूत पुरलेल्या साच्याच्या तोंडात एकसलग धार सोडली, हवेच्या नळ्यांतून धातू वर आला आणि थांबले. मिनिटभराचं काम. सगळे फोटो याचेच काढतात, आणि दिसतंही देखणं, पण माझ्या मते ब्राँझचं खरं काम या मिनिटाच्या आधी आणि नंतर आहे. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४९०-४८० च्या सुमाराचा एक ग्रीक प्याला आहे, त्यावर ब्राँझची कार्यशाळा रंगवली आहे. त्यात भट्टी आहे, तिच्यापुढे बसलेला कामगार आहे, पण बाकी माणसं जोडकाम करताहेत, घासताहेत. एका पुतळ्याचं डोकं अजून जमिनीवर पडलेलं आहे. चित्रकाराने धार रंगवली नाही, घासणारे हात रंगवले.

साचा फोडल्यावर जे निघतं ते काळपट, खरबरीत, नळ्यांसकट. नळ्या करवतीने कापल्या. खिळे काढून भोकांत ब्राँझच्याच कांड्या ठोकल्या आणि सपाट केल्या. मग कानस, छिन्नी आणि वेगवेगळ्या टोकांचे पंच. मेणात जे होतं त्यातलं बरंच धातूत येतं, पण थोडं बोथट होऊन येतं. दाण्याचे कोन पुन्हा उभे करायचे असतात. छिन्नी दाण्याच्या कडेला तिरपी धरायची आणि हातोडीने मारण्यापेक्षा टिचक्या द्यायच्या. धातू कापला जात नाही, सरकतो, आणि सरकलेली कड चमकते. मुकुटाच्या आतले केसर मी बारीक पंचाने एकेक ठोकून काढले. सालीच्या अस्पष्ट धारा मात्र कानशीने नाहीशा व्हायच्या बेतात असतात, कारण कानस हाताला आपोआप गोलाईकडे नेते. म्हणून मास्तोरांनी डोळे मिटून अंगठ्याने धार चाचपायला लावली, मग कानस चालवायची, पुन्हा चाचपायचं. दुकानातली डाळिंबं इथेच गोल होतात, याची मला खात्री आहे. पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलं की अर्ध्या मिनिटात सगळं सारखं.

याच काळात डेल्फीला जाणं झालं. तिथला रथ हाकणाऱ्या तरुणाचा प्राचीन ब्राँझ पुतळा १८९६ मध्ये सापडला. त्याचे डोळे अजून जिवंत आहेत. बुबुळं वेगळ्या द्रव्यांची बसवलेली, पापण्यांचे केस तांब्याच्या पत्र्याचे बारीक कापलेले, ओठ तांब्याचे. १९७२ मध्ये इटलीच्या रियाचे गावाजवळ समुद्रात मिळालेल्या ब्राँझच्या दोन योद्ध्यांपैकी एकाचे दात चांदीचे आहेत. म्हणजे ज्या पुतळ्यांची आपण हिरवी एकरंगी चित्रं पाहत आलो, ते घडवताना रंगांचा पुरा विचार केलेला होता. नवं ब्राँझ उन्हात तापलेल्या कातडीच्या रंगाचं, त्यावर तांब्याचा लाल. हिरवा रंग नंतर माती आणि समुद्राने दिला.

परत आल्यावर मास्तोरांना म्हटलं, काही दाणे तांब्याचे करूया का? त्यांनी क्षणभर फळाकडे पाहिलं आणि कपाटातून तांब्याची जाड तार काढून दिली. तारेचा तुकडा मऊ होईपर्यंत तापवायचा, टोक ठोकून फुगवायचं, कानशीने पाच-सहा पैलू पाडायचे, खाली बारीक दांडी ठेवायची. फळात त्या जागी भोक पाडून दांडी आत घालायची आणि भोवतालचं ब्राँझ पंचाने दाबून दाण्याला आवळायचं. डिंक नाही, डाख नाही. तांबं मऊ असल्याने जागेवर नीट बसतं. तड्याच्या सर्वांत रुंद भागात, जिथे उजेड पडतो तिथेच ते लावले. सगळे दाणे तांब्याचे केले असते तर शोभेच्या दागिन्यासारखं दिसलं असतं.

रंग चढवायचं काम मास्तोरांची मुलगी करते आणि तिचा हात या बाबतीत बापाच्या वरचा आहे, असं तेच म्हणतात. गिऱ्हाईक बहुतेक हिरवं मागतं, जुनं वाटावं म्हणून. आम्ही हिरवं केलं नाही. आधी गंधकाच्या द्रावणाने काळपट थर दिला. सडलेल्या अंड्याचा वास येतो, दारं उघडी ठेवावी लागतात. मग उंच भाग घासून मोकळे केले, म्हणजे खोलगट जागांत काळोख तसाच राहतो. मग धातू गॅसच्या ज्योतीने तापवून त्यावर फेरिक नायट्रेटचं पाणी ब्रशने टिपायचं. ते चुर्र करून उडून जातं आणि मागे तांबूस तपकिरी राहतं. पुन्हा टिपायचं. धातू जास्त तापला तर थर भुकटी होऊन सुटतो, कमी तापला तर ओघळ दिसतात. ती आवाजावरून ओळखते. पापुद्र्यांवर तिने दुसऱ्यांदा टिपलंच नाही, त्यामुळे ते सालीपेक्षा फिके राहिले. मी सांगितलं नव्हतं, तिला फळाकडे बघून सुचलं. शेवटी तांब्याचे दाणे बारीक कागदाने उजळले आणि कोमट धातूवर मधमाश्यांचं मेण चोळलं.

अगोराच्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकाच्या, वर टेकाडावर हेफेस्टसचं मंदिर आहे, भट्टी आणि धातू यांच्या देवाचं. प्राचीन काळी त्याच्या आसपास ओतकाम करणाऱ्यांचीच वस्ती होती. आज मंदिराच्या बाजूने डाळिंबाची झुडपं लावलेली आहेत. फळ पुरं झाल्यावर मी ते पिशवीत घालून तिथे घेऊन गेले आणि झाडावरच्या खऱ्या फळाशेजारी धरून पाहिलं. मुकुटाच्या पाकळ्या मी जरा जास्त उघड्या ठेवल्या आहेत. आमच्या बागेतला भगवा तसाच असतो, त्या झाडावरच्या फळाचा मुकुट मिटलेला होता.

फळ आता माहेरी आहे. वजन किलोच्या आसपास, विमानतळावर दोनदा पिशवी उघडून दाखवावी लागली. दादाने सगळ्यांत आधी तड्याच्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाण्याने फुटलंय, बरोबर आहे." वहिनीला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावून आले आहे, आणि घरी ब्राँझची रंग चढवलेली वस्तू असेल त्या प्रत्येकीला तेच सांगेन. देवाच्या पितळी मूर्तींबरोबर तिला चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावायची नाही. आंबट लागलं की चढवलेला रंग एका घासण्यात जातो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसायची, पापुद्र्यांमधली ब्रशने काढायची. वर्षातून एकदा फळ जरासं उन्हात कोमट करून बोटाने मेणाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि सुती कापडाने चोळायचं. तांब्याचे दाणे हळूहळू गडद होतील, ते होऊ द्यायचे.